आवाज फुटल्यावर पुढे काय? कॅथेड्रलच्या क्वायरमधली जुनी मुलं आणि त्यांचं गाणं

सॅलिस्बरीकर

इंग्लंडला येणाऱ्यांना 'इव्हनसाँग ऐकायला जा' असं इथे नेहमी सुचवलं जातं. कॅथेड्रलमधली संध्याकाळची गायलेली प्रार्थना, जेमतेम पाऊण तास, तिकीट नाही. जाऊन आलेले लोक भरभरून लिहितात. पण ती गाणारी मुलं कोण असतात, आणि तेरा-चौदाव्या वर्षी क्वायरमधून, म्हणजे गायकवृंदातून, बाहेर पडल्यावर त्यांचं काय होतं, याबद्दल मराठीत मला फारसं वाचायला मिळालेलं नाही. म्हणून हा धागा.

आम्ही विल्टशरमधल्या सॅलिस्बरीत राहतो. माझी मुलगी इथल्या मुलींच्या क्वायरमध्ये होती. आता ती कॉलेजात आहे, पण वर्षातून एकदा जुन्या कॉरिस्टरांचा, म्हणजे क्वायरमध्ये गायलेल्या मुलांचा, मेळावा भरतो त्याला न चुकता येते. त्या दिवशी चहा-सँडविचच्या टेबलामागे आम्ही पालक उभे असतो. गेल्या काही वर्षांत तिथे जे ऐकलं, पाहिलं आणि त्यामुळे पुढे जे वाचलं, ते लिहितो आहे.

आधी थोडी माहिती. मुलं साधारण आठव्या वर्षी निवडली जातात. शाळेआधी सराव, शाळा सुटल्यावर पुन्हा सराव, मग प्रार्थना. सॅलिस्बरीत मुलग्यांचा आणि मुलींचा क्वायर वेगळा आहे आणि ते आळीपाळीने गातात. खालचे आवाज मोठ्या माणसांचे, त्यांना ले क्लार्क किंवा ले व्हिकर म्हणतात. ही नोकरी करणारी माणसं असतात, दिवसा शिकवतात किंवा ऑफिसात जातात आणि संध्याकाळी येऊन गातात. नाताळला सगळं गाव सुट्टीवर असतं तेव्हा या मुलांचं काम ऐन भरात असतं. आमचं नाताळचं जेवण इतकी वर्षं शेवटची प्रार्थना आटोपल्यावरच झालं.

सॅलिस्बरीची शाळा आपली सुरुवात १०९१ सालापासून धरते. तेव्हा कॅथेड्रल आताच्या जागी नव्हतंच, जवळच्या ओल्ड सेरमच्या टेकडीवर होतं. खालचं कॅथेड्रल १२२० मध्ये बांधायला घेतलं. म्हणजे इमारतीपेक्षा गाणाऱ्या मुलांची शाळा जुनी. नऊशे वर्षं इथे फक्त मुलगे गायले. १९९१ मध्ये इंग्लंडातल्या कॅथेड्रलांपैकी सर्वांत आधी सॅलिस्बरीने मुलींचा स्वतंत्र क्वायर उभा केला. तेव्हा किती विरोध झाला हे जुन्या मंडळींकडून ऐकलं आहे. त्या पहिल्या तुकडीतल्या मुली आज चाळिशीत आहेत आणि मेळाव्याला आपापली मुलं घेऊन येतात.

नव्या मुलाला क्वायरमध्ये घेताना इथे एक विधी होतो. भिंतीत एक दगड आहे. मोठी मुलं नव्या मुलाचं डोकं त्या दगडावर हलकेच आपटतात आणि तो कॉरिस्टर झाल्याचं जाहीर करतात. पिढ्यान् पिढ्यांची डोकी लागून दगडाला खळगा पडला आहे. मेळाव्याला आलेली म्हातारी माणसं आत शिरली की आधी त्या दगडाकडे वळतात, आणि 'आमच्या वेळी जोरात आपटायचे' असं प्रत्येक जण सांगतो.

आता मुद्द्याकडे. मेळाव्यात शनिवारी दुपारी सराव असतो आणि संध्याकाळी जुने-नवे सगळे मिळून इव्हनसाँग गातात. सरावात मी पहिल्यांदा बसलो तेव्हा एक गोष्ट पाहिली. क्वायरमध्ये अशी पद्धत आहे की आपण चुकलो तर हात वर करायचा. बोलायचं नाही, थांबायचं नाही, फक्त हात वर. गाणं घेणाऱ्याला कळतं की चूक गाणाऱ्याच्या लक्षात आली आहे, त्यासाठी सगळ्यांना थांबवायची गरज नाही. त्या दिवशी स्टॅनफर्ड या संगीतकाराच्या 'सी' स्वरातल्या मॅग्निफिकॅटमध्ये, म्हणजे इव्हनसाँगच्या एका ठरलेल्या गीतात, एके ठिकाणी एक ऐंशीच्या घरातले गृहस्थ आणि त्यांच्या शेजारचा, नुकताच आवाज फुटलेला पंधरा वर्षांचा मुलगा, दोघांचे हात एकाच वेळी वर गेले. आजोबांनी कॅथेड्रल सोडून सहा दशकं होऊन गेली असतील. हात मात्र आपसूक उठला.

ही माणसं भेटली की पहिला प्रश्न असतो, 'तू डेक का कॅन?' क्वायर समोरासमोर दोन रांगांत बसतो. डीनच्या, म्हणजे कॅथेड्रलच्या प्रमुखाच्या, बाजूची रांग डेकानी, समोरची कँटोरिस. आठव्या वर्षी जी बाजू मिळाली ती जन्मभर आपली. दुसरी खूण म्हणजे 'पंधरावी संध्याकाळ'. प्रार्थनेच्या जुन्या पुस्तकात दीडशे स्तोत्रं महिन्याच्या तीस दिवसांत, सकाळ-संध्याकाळ अशी वाटून दिलेली आहेत. पंधराव्या दिवशी संध्याकाळी येतं अठ्ठ्याहत्तरावं स्तोत्र. ते एकटंच ७३ कडव्यांचं आहे. ब्रिटनमधल्या कुठल्याही कॅथेड्रलच्या जुन्या कॉरिस्टरला नुसतं 'पंधरावी संध्याकाळ' म्हणून पाहा, त्याचा चेहरा खुलतो. वेगवेगळ्या गावच्या, वेगवेगळ्या वयाच्या माणसांना जोडणारी ही खरी वीण आहे. अशा स्थानिक संघटनांचा देशपातळीवरचा महासंघ १९१० पासून आहे, आणि त्याचं संमेलन दरवर्षी वेगळ्या कॅथेड्रलच्या गावी भरतं.

मला ठामपणे वाटतं ते असं की ही परंपरा टिकली ती या जुन्या मुलांमुळे. छापील वह्या महत्त्वाच्या आहेतच, पण स्तोत्राच्या एका साध्या चालीत जेमतेम दहा स्वर असतात. शब्द कमी-जास्त असले तरी चाल तीच. कुठल्या अक्षराला स्वर बदलायचा याच्या खुणा पुस्तकात असतात. श्वास कुठे घ्यायचा, मधल्या विरामाला किती थांबायचं, समोरच्या रांगेचं शेवटचं अक्षर कानात असतानाच आपण कसं उचलायचं, हे कागदावर नाही. ते शेजारच्या मोठ्या मुलाकडून येतं. त्याला त्याच्या शेजारच्याकडून आलेलं असतं.

ही साखळी एकदा खरोखर तुटली होती. १६४० च्या दशकात राजा आणि पार्लमेंट यांच्यात झालेल्या यादवीत पार्लमेंटच्या बाजूने कॅथेड्रलचं गाणं बंद पाडलं. ऑर्गन मोडले, वह्या फाडल्या. वुस्टरचा ऑर्गन १६४६ मध्ये उतरवला गेला आणि तिथले ऑर्गनिस्ट टॉमस टॉमकिन्स गाण्याविना दहा वर्षं जगून १६५६ मध्ये वारले. त्यांच्या मुलाने वडिलांच्या रचना १६६८ मध्ये छापून घेतल्या म्हणून त्या आपल्याला मिळाल्या. १६६० मध्ये राजा परत आला, तेव्हा राजाच्या चॅपलमध्येसुद्धा वरचा आवाज गाऊ शकेल असा एकही मुलगा तयार नव्हता. संगीतकार मॅथ्यू लॉकने लिहून ठेवलं आहे की वर्षभराहून अधिक काळ मुलांची ओळ कॉर्नेट या वाद्यावर वाजवून किंवा पुरुषांनी चोरट्या आवाजात, म्हणजे फॉल्सेटोत, गाऊन भागवावी लागली. मग ही कला परत कोणी उभी केली? हेन्री कुक नावाच्या माणसाने. तो यादवीत राजाच्या बाजूने कॅप्टन होता, आणि त्याआधी लहानपणी त्याच चॅपलमध्ये गायला होता. जुनं मूलच ते. त्याच्या हाताखाली तयार झालेल्या मुलांत पुढे मोठे संगीतकार झालेले पेलम हम्फ्री, जॉन ब्लो आणि हेन्री पर्सेल होते. मायकल वाइजही त्यातलाच, तो १६६८ मध्ये सॅलिस्बरीचा ऑर्गनिस्ट झाला. पर्सेलचा आवाज १६७३ मध्ये फुटला, तेव्हा त्याला राजाच्या वाद्यांची देखभाल करणाऱ्याच्या हाताखाली लावून दिलं. त्याला तसाच घरी पाठवला असता तर इंग्लंडच्या संगीताचं काय झालं असतं, हा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

तुमच्यापैकी कोणी अशा क्वायरमध्ये गायलं असेल, मुंबईत, गोव्यात, नगरला किंवा इकडे, तर जरूर लिहा. आवाज फुटल्यावर तुमचं त्या गाण्याशी काय नातं राहिलं हे ऐकायला आवडेल.

फोर्टातला

सुंदर लेख. मुंबईचा धागा मी जोडतो. फोर्टातलं सेंट टॉमस चर्च १७१८ च्या नाताळात उघडलं आणि १८३७ मध्ये त्याला कॅथेड्रलचा दर्जा मिळाला. चर्चगेट हे नाव या चर्चकडे जाणाऱ्या कोटाच्या दरवाजामुळे पडलं हे बहुतेकांना माहीत असतं. पण १८७५ मध्ये या कॅथेड्रलला गाणारी मुलं मिळावीत म्हणून खास एक क्वायर स्कूल काढलं होतं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. आजच्या कॅथेड्रल अँड जॉन कॉनन शाळेच्या वंशावळीत ते येतं. मोठ्या फीसाठी आणि बोर्डाच्या निकालासाठी गाजणाऱ्या या शाळेच्या पूर्वजांपैकी एक शाळा निव्वळ गाण्यासाठी निघाली होती.

मी स्वतः दक्षिण मुंबईतल्या एका वेगळ्या शाळेत होतो आणि नाताळच्या कॅरल सर्व्हिसला गायचो. आमच्यात पारशी, गुजराती, बोहरी, मराठी सगळे होते. धर्माचा प्रश्न कधी आलाच नाही, सूर लागतो का एवढंच बघायचे. आमच्या बॅचचा व्हॉट्सॅप ग्रुप आहे. त्यावर वर्षभर राजकारणावरून भांडतात आणि डिसेंबर लागला की कोणीतरी डिस्कँटची, म्हणजे मूळ चालीच्या वर गायची, ओळ गाऊन टाकतो. मग आठवडाभर शांतता.

साष्टीकर

सॅलिस्बरीकर, तुमची 'साखळी' वाचताना मला आमचे मेस्त दिसले.

गोव्यात पोर्तुगीज काळात चर्चला जोडून शाळा असायच्या आणि तिथे मुलांना सोल्फेज, म्हणजे नोटेशन वाचून गाणं, आणि व्हायोलिन शिकवत. शिकवणाऱ्याला मेस्त म्हणत. तोच चर्चचा क्वायर सांभाळायचा, सणाला वाद्यवृंद बसवायचा, कधी स्वतः रचना करायचा. छडी घेऊन मारायचा पण. गावातला गरिबातला मुलगासुद्धा दहाव्या वर्षी नोटेशन वाचू शकायचा.

या मुलांचा आवाज फुटल्यावर काय झालं ते सगळ्या महाराष्ट्राने ऐकलं आहे, फक्त ओळखलं नाही. नोकरी शोधत ती मुंबईला आली आणि हॉटेलांच्या बँडमध्ये, मग हिंदी सिनेमाच्या स्टुडिओत बसली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांचे वडील गावच्या चर्चचे मेस्त होते, मुलाचं शिक्षण तिथेच सुरू झालं. हे अँथनी पुढे मुंबईत व्हायोलिन शिकवू लागले आणि प्यारेलाल त्यांचे शिष्य. हिंदी सिनेसंगीतात व्हायोलिनच्या रांगा एकदम उठतात ना, त्यांच्या मुळाशी साष्टी-बार्देशातल्या चर्चचे माळे आहेत. क्वायर वर माळ्यावर बसतो म्हणून म्हटलं.

जपण्याच्या बाबतीत मात्र आमच्याकडे तुमच्यासारखी संघटना नाही. उपासकाळात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांत, गावोगावी मोतेत गातात. लॅटिन शब्द, दोन-तीन आवाज, सोबत व्हायोलिन, क्लॅरिनेट, रबेकांव, म्हणजे डबल बास. बऱ्याच रचना गावातल्याच मेस्तांच्या आहेत. त्या हाताने लिहिलेल्या कागदांवर घराघरांतल्या पेट्यांत पडून आहेत. आमच्या घरीही एक पेटी आहे. वाळवी आणि पावसाळा दोघांचंही लक्ष तिच्याकडे आहे. ज्यांनी ते गायलं आहे ती माणसं आता सत्तरीपुढची.

सॅलिस्बरीकर

@साष्टीकर, ती पेटी उघडा. आत्ताच, हा पावसाळा यायच्या आत. फोनवर प्रत्येक पानाचा सपाट, चांगल्या उजेडातला फोटो काढा, पुसट झालेल्या कडांसकट. आणि सत्तरीपुढच्या ज्या मंडळींनी ते गायलं आहे त्यांना एकत्र बसवून गाऊन घ्या. आवाज गेला असेल तरी चालेल. वेग किती, कुठे थांबायचे, कुठला मोतेत मिरवणुकीच्या कुठल्या टप्प्यावर, हे बोलूनच कळतं. इथे १६४१ मध्ये बार्नर्ड नावाच्या माणसाने कॅथेड्रलच्या निवडक संगीताचे दहा भाग छापले. प्रत्येक आवाजाची वेगळी वही. लगेच यादवी लागली आणि संच विखुरले. आज पूर्ण संच एकाही ठिकाणी नाही, वेगवेगळ्या जागच्या वह्या जुळवून काम भागवावं लागतं. छापलेल्याची ही गत, तर हाताने लिहिलेल्या एकुलत्या एक प्रतीचं काय होईल?

@फोर्टातला, १८७५ ची गोष्ट मला अजिबात माहीत नव्हती. मनापासून आभार.

नगरी_टोपी

आम्ही नगरचे मराठी ख्रिस्ती. चार पिढ्या. कॅथेड्रल, ऑर्गन, झालरीच्या कॉलरचे झगे असलं काही आमच्याकडे नव्हतं. पेटी, तबला, झांजा आणि उपासना संगीत हे पुस्तक. त्यात रेव्हरंड टिळकांची भजनं आहेत, कृष्णराव सांगळ्यांची आहेत, आणि इंग्रजी चालींवरची गीतंही आहेत. लहानपणी आजीच्या मांडीवर मी टिळक ऐकले, शाळेत गेल्यावर कळलं की ते मराठीतले मोठे कवी आहेत.

आमच्याकडे वय झालं म्हणून क्वायरमधून कोणी बाहेर पडत नाही. आवाज फुटला की महिना-दोन महिने गप्प बसायचं आणि मग पुरुषांच्या बाकावर जायचं. त्यामुळे 'जुनी मुलं' असा प्रकारच नाही, सगळे शेवटपर्यंत गातात. तुमच्याकडचं वाचून प्रश्न पडला: तेराव्या वर्षी मुलाला एवढं कसून शिकवलेलं गाणं थांबवायला लावायचं हे क्रूर नाही का? माझा नातू असता तर मला सहन झालं नसतं.

विदा_हवा

लेख आवडला, पण या विषयावर गोडवे गाताना एक बाजू सुटू नये. बोर्डिंगमधली लहान मुलं, त्यांच्यावर पूर्ण सत्ता असलेले मोजके मोठे लोक, आणि 'आपल्या परंपरेची बदनामी नको' असं मानणारं जुन्या मुलांचं मंडळ. यातून काय होऊ शकतं ते इंग्लंडने पाहिलं आहे. बालकांच्या लैंगिक शोषणाची जी स्वतंत्र राष्ट्रीय चौकशी झाली, तिचा चर्च ऑफ इंग्लंडवरचा अहवाल ऑक्टोबर २०२० मध्ये आला. मुलांच्या सुरक्षेपेक्षा संस्थेच्या नावाला जास्त जपलं गेलं, असा त्याचा स्पष्ट निष्कर्ष होता. माजी विद्यार्थ्यांचा स्नेह ही चांगलीच गोष्ट आहे. पण ज्यांना त्या मेळाव्याला परत जाववत नाही अशी मुलंही त्याच रांगेत गायलेली असतात.

दुसरं, आठ-नऊ वर्षांच्या मुलाने आठवड्याला इतके तास काम करायचं, सणवारही गमवायचे, हे कोणाच्या हौसेसाठी?

सॅलिस्बरीकर

@विदा_हवा, हे लिहिलंत ते बरं केलंत. आमच्या मेळाव्यात आता दरवर्षी हा विषय निघतो, आणि तो टाळणारे ज्येष्ठही आहेत हे खरं आहे. माझ्या मते जुन्या मुलांच्या संघटनेचं पहिलं काम हेच. आतल्या मुलाला ज्याच्याशी मोकळं बोलता येईल असा, क्वायर सोडून गेलेला पण क्वायर आतून माहीत असलेला माणूस संघटनेशिवाय कोण देणार? आणि न येणाऱ्यांची नावं यादीतून गळू देऊ नयेत. त्यांना पत्र जात राहावं, उत्तर आलं नाही तरी.

मुलांच्या हालांबद्दल मराया हॅकेट हे नाव इथे यायलाच हवं. १८१० च्या सुमारास तिने नात्यातल्या एका पोरक्या मुलाला लंडनच्या सेंट पॉल्सच्या क्वायरमध्ये घातलं आणि तिथली दशा पाहून ती हादरली. शिक्षण नावालाही नाही, राहायची धड सोय नाही, रात्री मुलांना पैसे घेऊन बाहेरच्या मैफलींत गायला पाठवत आणि ती एकटी अंधारातून परत येत. मूळ देणग्यांचे दस्तऐवज तिने स्वतः धुंडाळले आणि या मुलांच्या नावाने आलेला पैसा मुलांवर खर्च होत नाही हे दाखवून दिलं. डीनला, बिशपला पत्रांवर पत्रं. उत्तरं यायची नाहीत. मग तिने देशभरातली कॅथेड्रल पालथी घातली. पन्नासहून अधिक वर्षं ती फिरत राहिली, मुलांना पुस्तकं आणि नाणी भेट देत राहिली. १८७४ मध्ये ती वारली तेव्हा नव्वदी पार केली होती, आणि त्याच सुमारास सेंट पॉल्सच्या मुलांसाठी नवी, धड इमारत उभी राहिली. तिला आजही 'कॉरिस्टरांची मैत्रीण' म्हणतात. ती स्वतः कधी क्वायरमध्ये गायलेली नव्हती, गाऊच शकली नसती. त्याच सेंट पॉल्सच्या क्वायरमध्ये २०२४ पासून मुलीही गातात.

@नगरी_टोपी, सोडणं कठीण जातंच. जुलैत शेवटच्या प्रार्थनेला सोडून जाणाऱ्या मुलांचा निरोप होतो, तेव्हा आईबापांपेक्षा ले क्लार्क जास्त रडताना मी पाहिले आहेत. मुलींचा आवाज मुलग्यांसारखा फुटत नाही, तरी त्यांनाही त्याच वयात शाळा बदलते म्हणून थांबावं लागतं, आणि माझ्या मुलीला ते अन्यायाचं वाटलं होतं. तुमच्याकडची पुरुषांच्या बाकावर सरकायची पद्धत मला जास्त माणुसकीची वाटते.

धृपद

आवाजाच्या वयाबद्दल भर घालतो. अठराव्या शतकात जर्मन संगीतकार बाखच्या लायपझिगमध्ये मुलं सोळा-सतराव्या वर्षापर्यंत वरच्या पट्टीत गात असल्याचं अभ्यासकांनी नोंदवलं आहे. आज पोषण सुधारल्यामुळे वयात येण्याचं वय खाली आलं, आणि आवाज बारा-तेरालाच फुटतो. म्हणजे आठव्या वर्षी सुरुवात केलेल्या मुलाला पूर्वी तयार झाल्यावर गायला कितीतरी वर्षं मिळायची. आता तो तयार होतो आणि गाणं संपतं. क्वायरचा पोत यामुळे किती बदलला असेल याची कल्पना करा: बाखला मिळायची ती चार-पाच वर्षं मुरलेली, जवळजवळ मोठी माणसं.

मला यात आपला हरिपाठ दिसतो. रोज त्याच वेळी, तेच अभंग, ऐकायला कोणी असो वा नसो. इव्हनसाँगला कधी कधी गाणारे वीस आणि ऐकणारे पाच असतात, हे मी यॉर्कला पाहिलं. त्या पाचांसाठीही गाण्यात काडीची कसर नव्हती.

टाइनकाठची

डरॅमची गोष्ट सांगते, न्यूकॅसलला राहते त्यामुळे जाणं होतं. १३४६ मध्ये नेव्हिल्स क्रॉसला स्कॉटलंडविरुद्ध लढाई जिंकली, त्याच्या स्मरणार्थ डरॅमचा क्वायर दर उन्हाळ्याच्या तोंडावर कॅथेड्रलच्या मधल्या टॉवरवर चढून गातो. तीनच बाजूंना तोंड करून गातात, पश्चिमेला नाही. कधीकाळी त्या बाजूने एक मुलगा पडून गेला म्हणे. खरं-खोटं देव जाणे, पण आजही पश्चिमेला गात नाहीत. सव्वातीनशे पायऱ्या चढून धाप लागलेली मुलं लगेच इतकं स्थिर कसं गातात हे मला कोडं आहे.

एअर_व्हॅली

ब्रॅडफर्डहून. पैशाबद्दल कोणी बोलत नाहीये म्हणून लिहिते. बऱ्याच कॅथेड्रलांचे क्वायर खासगी शाळांवर उभे आहेत. कॉरिस्टरला फीमध्ये सवलत असते, पण सवलत म्हणजे माफी नव्हे. १ जानेवारी २०२५ पासून खासगी शाळांच्या फीवर २० टक्के व्हॅट लागला. ज्या घरात आधीच ओढाताण होती तिथे हा विषयच संपला. १९५६ पासून कॅथेड्रल संगीतासाठी काम करणारी मित्रमंडळाची जुनी संस्था आज कॅथेड्रल म्युझिक ट्रस्ट या नावाने मदत करते, पण सगळ्या देशाचा भार ती एकटी किती उचलणार?

आमच्या भागात वेगळी वाट धरली. लीड्सच्या कॅथलिक धर्मप्रांताने २००३ पासून संगीत शिक्षक थेट सरकारी शाळांत पाठवायला सुरुवात केली. सगळा वर्ग गातो, त्यातून ज्यांना आवड आहे ती संध्याकाळी क्वायरला येतात. फी नाही, बोर्डिंग नाही. २०२१ पासून याच नमुन्यावर देशभर योजना सुरू आहे. आमच्या इथल्या वर्गात पोलिश, नायजेरियन, केरळी, पाकिस्तानी मुलं आहेत. लॅटिन सगळ्यांनाच सारखंच परकं, त्यामुळे कोणी पुढे नाही, कोणी मागे नाही. माझ्या मुलाच्या वर्गातले दोघे आता क्वायरमध्ये आहेत. त्यांच्या घरात कोणी आधी पाश्चात्त्य संगीत ऐकलेलं नव्हतं.

@सॅलिस्बरीकर, तुमच्या संघटनेकडे निधी असेल तर तो दगडी इमारतीतल्या सुंदर प्रसंगांपेक्षा अशा मुलांच्या बसभाड्यावर खर्च व्हावा असं माझं मत आहे.

सॅलिस्बरीकर

@एअर_व्हॅली, बसभाड्याची सूचना मी पुढच्या बैठकीत मांडणार. आमचा निधी मुख्यतः दौऱ्यांना आणि एखाद्या मुलाच्या संगीताच्या जादा शिकवणीला जातो. बसभाडं कोणाच्या डोक्यातच आलेलं नाही.

क्वायर किती कमी माणसांवर उभा राहू शकतो याचं उदाहरण म्हणजे हेरफर्ड. १८३० च्या दशकात सॅम्युअल सेबॅस्टियन वेस्ली तिथे ऑर्गनिस्ट असताना एका ईस्टरला मोठ्या आवाजांपैकी फक्त एक बास, म्हणजे खर्जात गाणारा, हजर होता, आणि तोही डीनचा बटलर. वेस्लीने मुलं आणि तो एकटा बास एवढ्यांना घेऊन रचना बसवली. आज ती देशातल्या जवळपास प्रत्येक क्वायरच्या कपाटात आहे. पुढे १८४९ मध्ये त्याने कॅथेड्रल संगीताच्या दुरवस्थेवर संतापून एक पुस्तिका लिहिली. प्रत्येक कॅथेड्रलला किमान बारा पगारी पुरुष गायक हवेत, ही त्याची मागणी आजही सगळीकडे पूर्ण झालेली नाही.

फोर्टातला

@एअर_व्हॅली यांच्याशी सहमत. १८७५ चं क्वायर स्कूलसुद्धा गाऊ शकणाऱ्या मुलांसाठी होतं. आवाज पाहून शाळेत घेणं आणि फी पाहून घेणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

साष्टीकर

पेटी उघडली. वरची दोन बंडलं ओलीने चिकटली आहेत, त्यांना हात लावला नाही, माहीतगार माणसाला विचारून सोडवीन. खालचं बंडल शाबूत आहे. त्यात तीन आवाजांचा एक मोतेत, क्लॅरिनेटची वेगळी पानं आणि एका कोपऱ्यात गाणाऱ्यांची नावं आहेत. त्यातल्या एक बाई अजून गावात आहेत. रविवारी मिस्सनंतर त्यांच्याकडे जातो आहे, सोबत माझा भाचा येतो रेकॉर्डिंगला.

नगरी_टोपी

वा! रेकॉर्डिंग इथे टाका. आणि त्या बाईंना माझा नमस्कार सांगा.

नवी_सांगवी

मस्त धागा. ऑगस्टमध्ये मुलीकडे बाथला येतो आहोत, एक दिवस सॅलिस्बरी करायचा विचार आहे. इव्हनसाँग मिळेल का? लवकर जाऊन जागा धरावी लागते का? आम्ही ख्रिस्ती नाही, चालेल ना?

सॅलिस्बरीकर

@नवी_सांगवी, जरूर या, कोणीही येऊ शकतं. दारावर 'इव्हनसाँगला आलो' म्हणा, प्रवेशाचे पैसे घेत नाहीत. वीसेक मिनिटं आधी पोचा, म्हणजे क्वायरच्या लाकडी बाकांवर मुलांच्या मागेच बसवतात. तिथून प्रत्येक श्वास ऐकू येतो. हातात पुस्तिका देतात, सगळे उठले की उठायचं, बसले की बसायचं.

ऑगस्टात शाळेला सुट्टी असते, त्यामुळे आमची मुलं नसतील. त्या दिवसांत बाहेरगावचे पाहुणे क्वायर आठवडा-आठवडा येऊन गातात, आणि त्यांच्यात बरेच जण कुठल्या ना कुठल्या कॅथेड्रलचे जुने कॉरिस्टर असतात. प्रार्थना संपल्यावर एखाद्याला गाठून 'डेक का कॅन' विचारा, सुरुवात करायला तेवढं पुरे. तारीख नक्की झाली की कळवा, मी घरीच आहे, चहाला थांबा.